पडदा कुणाच्या हाती

सुरतेच्या जुन्या भागातल्या हवेलीत दर्शनाला गेलं की मूर्तीच्याही आधी डोळ्यांत भरतो तो टेरा. ठाकोरजींच्या पुढ्यातला पडदा. मंगळेपासून शयनापर्यंत दिवसातून आठ वेळा दर्शन उघडतं, आणि आपलं पोटभर पाहून व्हायच्या आत टेरा पुन्हा ओढला जातो. मागून रेटा असतो, मुखियाजींना पुढच्या सेवेची घाई असते. फोटो काढायला मनाई. तरी कुणी कुरकुरत नाही. ठाकोरजी इथे बाळ आहेत; बाळाची झोप मोडू नये, त्याला दृष्ट लागू नये, एवढं साधं कारण सगळ्यांना ठाऊक असतं.

शहापोरच्या बाजूला गेलं की आणखी एक न दिसणारी गोष्ट. तिथे पारशांचे दोन आतशबेहराम आहेत, दोन्ही १८२३ साली प्रतिष्ठापना झालेले. आत तेव्हापासून अग्नी तेवतो आहे. बाहेरच्या फुटपाथवरून मी कितीतरी वेळा गेलो आहे आणि तो अग्नी मला कधीच दिसणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पोटासाठी खानदेशातून उधन्याला आलेला मी एक मराठी माणूस. या शहराने मला कापड, भाषा, लोचो आणि बऱ्याच सवयी दिल्या. त्यातलीच एक म्हणजे झाकलेल्या गोष्टीपुढून मान किंचित लववून पुढे जाणं. त्यात आपल्याला कुणी वंचित ठेवलं असं मला कधी वाटलं नाही.

म्हणूनच थिऑसॉफीवाल्यांच्या भांडणांचं वाचताना मी जेव्हा दर वेळी ‘दाखवा की मग ती पत्रं’ असं मनातल्या मनात ओरडतो, तेव्हा माझं मलाच नवल वाटतं. तिथेही पवित्र वस्तूच होत्या. तिथेही झाकणारे लोक श्रद्धेनेच झाकत होते. मग हवेलीच्या पडद्याला हात जोडणारा मी तिथे पडदा फाडायला का निघतो?

ही मंडळी अमेरिकेतून निघाली आणि १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईला उतरली. न्यूयॉर्कला १८७५ साली थिऑसॉफिकल सोसायटी काढणाऱ्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट. त्यांची मुंबईतली व्यवस्था पाहिली हरिश्चंद्र चिंतामण यांनी. हे गृहस्थ आर्यसमाजाचे पुढारी आणि मुंबईतल्या पहिल्यावहिल्या देशी फोटोग्राफरांपैकी एक. पाहुण्यांच्या स्वागताचा सगळा खर्च त्यांनी पाहुण्यांच्याच बिलात लावला, असं ऑल्कॉट यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. पुढे पैशांवरूनच बिनसलं. हरिश्चंद्र विलायतेला गेले, आणि न्यूयॉर्कहून मादामने त्यांना लिहिलेली पत्रं काही वर्षांनी सोसायटीची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या हाती पोचली. चळवळीचा भारतातला पहिला यजमान फोटोग्राफर निघावा आणि पहिलं भांडण पत्रांपर्यंत जावं, यात पुढच्या साऱ्या गोष्टीची नांदी होती.

१८८२ च्या अखेरीस सोसायटीचं बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला गेलं. तिथे मादामच्या खोलीला लागून एका खोलीत भिंतीशी लाकडी कपाट होतं. त्याला देव्हाराच म्हणत. आत दोन तसबिरी: महात्मा कुट हूमी आणि महात्मा मोर्य, हिमालयापलीकडे राहणारे सोसायटीचे गुरू. त्या कपाटात प्रश्न लिहून ठेवावा आणि थोड्या वेळाने उघडून पाहावं तर उत्तर तयार, अशा हकिकती तेव्हा गावोगाव पसरल्या. फुटलेली बशी आत ठेवली आणि सांधलेली बाहेर आली, ही हकीकतही याच कपाटाची. कुट हूमींची अक्षरं बहुधा निळी, मोर्यांची तांबडी. अलाहाबादच्या ‘पायोनियर’ पत्राचे संपादक सिनेट यांना तर १८८० पासून अशी शंभरावर पत्रं आली, कधी टपालाने, कधी उशीखाली. तीच वाचून त्यांनी १८८१ आणि १८८३ साली दोन पुस्तकं लिहिली आणि युरोपात महात्म्यांचं नाव झालं.

तर तसबीर आणि पत्र अशी एकाच कपाटात राहत होती. कपाट होतं तोवर दोन्हींचं एकच पावित्र्य.

ते उघडलं घरातल्याच माणसांनी. एमा कुलोम ही मुंबईपासून मादामच्या घरचा कारभार पाहणारी बाई. तिचा नवरा सुतारकाम जाणणारा. मे १८८४ मध्ये दोघांना सोसायटीने काढून टाकलं आणि सप्टेंबरात मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकाने मादामची म्हणून एमाजवळची पत्रं छापली. त्यांत कपाटाच्या मागच्या युक्त्यांच्या सूचना होत्या. मादामचं म्हणणं, ही पत्रं बनावट. डिसेंबरात लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसन या तरुणाला पाठवलं, आणि १८८५ च्या अखेरीस त्याचा अहवाल आला की महात्म्यांचीच पत्रं बनावट. एका ढिगाला एक बाजू खोटं म्हणते, दुसऱ्या ढिगाला दुसरी. शंभर वर्षांनी, १९८६ साली, हस्ताक्षरांचे जाणकार व्हर्नन हॅरिसन यांनी त्याच संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनच्या कामातले दोष दाखवून दिले; पण तेवढ्याने महात्मे सिद्ध झाले नाहीत. कपाट मात्र केव्हाच गेलं होतं. चौकशी होण्याआधीच सोसायटीतल्याच काही जणांनी ते मोडून जाळलं, असं त्यांच्यापैकी एकानेच पुढे सांगितलं. ज्याने निकाल लागला असता ती वस्तू भक्तांनी आगीत घातली. त्यांना ती विटाळापासून वाचवायची होती असं मानायला मी तयार आहे. पण राखेतून ते वाचता येत नाही.

१८८४ च्याच उन्हाळ्यात लंडनला आणखी एक गोष्ट घडत होती. हेर्मान श्मीशेन नावाचा जर्मन चित्रकार महात्म्यांची मोठी तैलचित्रं रंगवत होता. समोर कुणी बसलेलं नाही. मादाम खोलीत आहेत, थोड्याशा सूचना आहेत, आणि कॅनव्हासवर दोन चेहरे उमटताहेत. ती चित्रं वर्षअखेरीस अड्यारला आली आणि आजवर तिथे जपलेली आहेत. पुढे त्यांच्या प्रती निघाल्या त्या खास साधकांसाठी, ध्यानासाठी. बाजारात मांडायला नव्हेत. मादामला तर शेवटी शेवटी पश्चात्तापच झाला. कुणीही उठावं, संस्था काढावी आणि आम्हाला महात्म्यांची आज्ञा आहे म्हणून पैसे गोळा करावेत, हे पाहून आपण ही नावं उच्चारलीच नसती तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं त्यांनी १८८९ साली लिहिलं. तेव्हापासून थिऑसॉफीवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, चित्र छापलं की त्याचं कॅलेंडर होतं. दुसरा म्हणतो, गुरू जगाचे असतील तर त्यांचा चेहरा मूठभरांचा कसा?

या भांडणात मला राहून राहून गुजरातेतले दोन तरुण आठवतात. एक दामोदर मावळंकर. अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी कऱ्हाडे ब्राह्मण घरात १८५७ साली जन्मलेला. सोसायटी मुंबईत आली तसा तो तिच्यात शिरला, जात सोडली, घरचं पाठबळ सोडलं, आणि रात्रंदिवस सोसायटीच्या मासिकाचं नि पत्रव्यवहाराचं काम उपसू लागला. हॉजसनच्या संशयाची बोटं त्याच्याकडेही वळली. अहवाल येण्याआधीच, २३ फेब्रुवारी १८८५ रोजी, तो अड्यारहून निघाला. दार्जिलिंग, सिक्कीम, आणि पुढे तिबेटकडे. महात्म्यांकडे. तो परतला नाही. इतर लोक अक्षराची वळणं तपासत होते तेव्हा हा पोरगा अक्षर काढणाऱ्यालाच भेटायला बर्फात शिरला. त्याची तब्येत तोळामासा होती. तो पळाला असं म्हणणारे तेव्हा होते. मला तसं म्हणवत नाही.

दुसरा सुरतेचा. बेहरामशाह नवरोजी श्रॉफ, जन्म १८५८. अठराएक वर्षांचा असताना घरातून निघून पेशावरला गेला, तिथे इराणकडे जाणाऱ्या एका काफिल्यात सामील झाला, आणि दमावंद पर्वतात दडलेल्या ‘फिरदोस’ नावाच्या स्थानी गुप्तपणे राहणाऱ्या जरथुश्ती सिद्धांकडे पोचला, असं त्यांनी नंतर सांगितलं. तिथे त्यांना धर्माचं आतलं ज्ञान मिळालं. मग ते सुरतेला परतले आणि गप्प बसले. थोडेथोडके नाही, जवळजवळ तीस वर्षं. १९०७ च्या सुमारास बोलू लागले तेव्हा त्यांच्या शिकवणीला इल्म-ए-क्षनूम हे नाव पडलं. सुरुवातीला ऐकणाऱ्यांत थिऑसॉफी वाचलेले पारशी होते, हे ओघानेच आलं.

एक गेला तो परत आला नाही. एक परत आला तो बोलला नाही. आणि श्रॉफ यांनी फिरदोसहून ना पत्र आणलं ना तसबीर. दाखवायला काहीच नसल्यामुळे त्यांच्यावर बनावटगिरीचा खटला उभाच राहू शकत नाही. किती सुरक्षित, असं प्रथम वाटतं. पण १९२७ साली ते गेल्यावर शिष्यांनी जी पुस्तकं लिहिली त्यांत गुरूंचं म्हणणं नेमकं काय यावर मतभेद झालेच. कागद नसला तरी ‘मला त्यांनी सांगितलं होतं’ हे असतंच, आणि ते कुठल्याही प्रयोगशाळेत पाठवता येत नाही.

श्रॉफ बोलू लागले त्याच १९०७ सालचा जानेवारी. अड्यारला ऑल्कॉट मरणपंथाला लागलेले. त्यांनी जाहीर केलं की महात्मे स्वतः आपल्या बिछान्याशी आले आणि पुढची अध्यक्ष म्हणून अ‍ॅनी बेझंट यांचं नाव त्यांनी सांगितलं. सोसायटीत वादळ उठलं. अध्यक्ष मतांनी निवडायचा असतो; महात्म्यांनी नाव सुचवल्यावर सभासदाने मत द्यायचं की आज्ञा पाळायची? बेझंटबाई निवडून आल्या. याआधी एकदा, १८९४ साली, अमेरिकेतले पुढारी विल्यम जज यांच्यावर महात्म्यांच्या नावाने पत्रं रचल्याचा आरोप आला होता. लंडनला समिती बसली आणि तिने हात वर केले: आम्ही निवाडा दिला तर महात्मे आहेत की नाहीत हे सोसायटीने ठरवल्यासारखं होईल, आणि आमच्याकडे तर कुठलंच मत सक्तीचं नाही. वकिली दृष्टीने बिनतोड. पण त्या पत्रांच्या जोरावर माणसं नेमली गेली होती, बाजूला सारली गेली होती. ती कागदपत्रं शेवटी एका लंडनच्या दैनिकाने छापली, टिंगलीच्या सुरात. आणि १८९५ साली अमेरिकेची शाखा फुटून निघाली.

इथे मला आमच्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या एका काकांकडे आजोबांचं पत्र होतं. वाड्याचा कुठला भाग कुणाचा, विहिरीचं पाणी कुणी किती घ्यायचं, आत्याला काय द्यायचं, प्रश्न निघाला की काका म्हणत, ‘आप्पांनी लिहून ठेवलंय.’ पत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. मागितलं की काकांना अपमान वाटे. वडिलांच्या अक्षरावर संशय घेता? वर्षानुवर्षं घरातले निर्णय त्या न पाहिलेल्या कागदावर झाले. काका गेल्यावर पेटीत ते सापडलं. काका म्हणत होते ते सगळं त्यात होतं, आप्पांच्याच अक्षरात. एक शब्दही त्यांनी पदरचा घातला नव्हता. तरी आत्याचं त्या घरी येणं सुटलं ते सुटलंच. खरं पत्र तीस वर्षं खोट्यासारखं वागवलं गेलं, कारण ते दाखवलं नाही. आप्पांनी मुलाला प्रेमाने लिहिलेल्या ओळी होत्या त्यात. तेवढ्या झाकून बाकीचं वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं.

तेव्हापासून माझ्या मनात एक रेघ आखली गेली आहे. लपवलेली प्रत्येक गोष्ट सारखी नसते. सुरतेच्या नर्मदने १८६६ साली ‘मारी हकीकत’ लिहिली, थोड्याच प्रती छापून घेतल्या आणि आपल्या हयातीत ती बाजारात येऊ दिली नाही. सर्वांच्या हाती ती आली १९३३ साली, त्याच्या जन्मशताब्दीला. त्या आत्मचरित्रात त्याच्याबरोबर दुसऱ्यांचीही अब्रू होती. त्याला थांबायचा पूर्ण हक्क होता, कारण त्या कागदाच्या जोरावर तो कुणावर सत्ता गाजवत नव्हता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचंही तसंच. मराठीचे हे व्याकरणकार १८४० च्या दशकात सुरतेला शिकवत होते. तिथे दुर्गाराम मेहताजींच्या जोडीने त्यांनी १८४४ साली मानवधर्म सभेत भाग घेतला; भुतंखेतं, मंत्रतंत्र करणाऱ्यांना ही सभा चारचौघांत आव्हान देई. तेच दादोबा पुढे मुंबईत परमहंस मंडळीचे आधार झाले, आणि ती मंडळी मात्र गुप्त. जात मोडणारे सभासद बंद दाराआड एकत्र जेवत. १८६० साली नावांची वही चोरीला गेली, नावं फुटली आणि मंडळी विस्कटली. सुरतेत दिवाणखान्यात मांत्रिकाला ललकारणारा माणूस मुंबईत दार लावून घेतो, यावर हसणारे हसोत. ते दार दुबळ्यांनी लावलेलं होतं. जी वही फुटल्याने माणसं वाळीत पडणार, ती वही लपवणं हा धर्मच होता.

याच्या उलट सुरतेच्याच वैष्णव गादीचे जदुनाथजी महाराज. त्यांच्यावर आणि त्यांच्या संप्रदायातल्या महाराजांच्या वागणुकीवर करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’मध्ये १८६० साली लिहिलं. महाराजांनी अब्रूचा दावा लावला. १८६२ च्या त्या खटल्यात भाऊ दाजींसारख्या डॉक्टराची साक्ष झाली आणि खासगी म्हणून झाकलेल्या गोष्टी भर कोर्टात निघाल्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. भक्तांच्या घरादारावर ज्याचा शब्द चालतो, त्याची गोष्ट त्याच्या एकट्याची उरत नाही.

महात्म्यांच्या पत्रांकडे या रेघेने पाहिलं की गुंता बराच सुटतो. कुट हूमींच्याच पत्रांत स्पष्ट म्हटलं आहे की ही छापण्यासाठी लिहिलेली नाहीत आणि छापायला आमची संमती कधी मिळणार नाही. म्हणून सिनेट वारल्यावर १९२३ साली ट्रेव्हर बार्कर यांनी ती जशीच्या तशी छापली तेव्हा अनेकांना तो विश्वासघात वाटला. वाटणं स्वाभाविक होतं. पण तोवर त्या पत्रांतल्या निवडक ओळींवर चाळीस वर्षं तत्त्वज्ञान रचलं गेलं होतं, गादीचे वाद झाले होते, कोण खरा शिष्य हे ठरलं होतं. मूळ कागद एकाच्या घरी आणि त्याचा अंमल जगभर, ही स्थिती कुठल्याही संमतीने सोज्वळ होत नाही. १९०० सालचं एक उदाहरण तर फारच बोलकं आहे. मुंबईच्या कुणा बी. डब्ल्यू. मंत्री यांनी अ‍ॅनी बेझंटना पत्र लिहिलं. ते त्यांना मिळालं तेव्हा त्याच कागदावर कुट हूमींच्या अक्षरात मजकूर होता. गुरूंच्या नावाचा गवगवा बंद करा, असं बजावणारा. पुढे तो छापला गेला तो काही ओळी गाळून. पूर्ण मजकूर बाहेर यायला १९८७ उजाडलं. ज्या पत्रात भोळ्या गुरुभक्तीवर टीका होती, त्यातल्याच ओळी गुरुभक्तीच्या धाकाने झाकल्या गेल्या.

आणि छापून झालं काय? मूळ पत्रं १९३९ साली ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. पुस्तकाची तिसरी आवृत्ती १९६२ साली निघाली ती अड्यारच्याच प्रकाशन संस्थेकडून. वाचणाऱ्याला त्यात विश्वाच्या घडणीबरोबर वर्तमानपत्र काढायच्या भांडवलाची विवंचना भेटते, चिडणं भेटतं, सिनेटना दिलेली कानउघाडणी भेटते. ज्यांना त्यात महात्मे दिसायचे त्यांना ते अजून दिसतात. ज्यांना मादाम दिसायच्या त्यांना मादाम. श्रद्धा बुडाली नाही. बुडाला तो एवढाच अधिकार, की ‘पत्रात काय आहे ते मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही.’

तसबिरींचं काय? प्रथम मला वाटलं, चित्र कुणाला हुकूम सोडत नाही, तेव्हा ते खुशाल झाकलेलं राहू दे. ध्यानाला बसणाऱ्याने कुणाचा चेहरा समोर ठेवावा हा त्याचा प्रश्न. पण मग आठवतं की या चित्रांनाही कामाला लावलेलं होतं. अमक्याला महात्मे दिसले, आणि ते हुबेहूब तसबिरीसारखेच होते, अशा साक्षी सोसायटीने मोठ्या हौसेने छापल्या. चित्र आधी पाहिलेल्या माणसाला तसाच चेहरा दिसणं यात पुरावा किती, हे विचारायचं तर चित्र विचारणाऱ्याच्याही समोर हवं. साक्षीला उभं केलेल्याला मग घुंगट मागता येत नाही.

तेव्हा पवित्र काय आणि छापण्याजोगं काय याच्या याद्या करण्यात अर्थ नाही. एकच तसबीर एका खोलीत नुसती पूजेची असते आणि शेजारच्या खोलीत पुराव्याची. माणसाने आपल्या देवापुढे हवा तितका जाड पडदा लावावा. मी चप्पल काढून बाहेर उभा राहीन. मात्र त्या पडद्यामागून आलेला शब्द म्हणून कुणी मला उठ-बस सांगू लागला, कुणाला अध्यक्ष करू लागला, कुणाला घराबाहेर काढू लागला, की मी मूळ कागद मागणार. त्याला माझा संशय अपमान वाटला तर त्याने शब्द मागे घ्यावा आणि कागद आपल्यापाशी ठेवावा. दोन्ही आपल्याच मुठीत ठेवायची सोय त्याला मिळू नये.